इंद्रभान ड्रेसरची साखर

माणसानं काय हुंगावं याला काही धरबंध असतो की नाही? कोणी अत्तर हुंगतं, कोणी तपकीर. आमच्या दवाखान्याचा ड्रेसर इंद्रभान पुवानं भरलेली पट्टी हुंगायचा. जखमेवरची जुनी पट्टी सोडवली, की सरळ नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे अन खोल श्वास ओढायचा. मग म्हणायचा, "हे भरून राह्यली." नाहीतर म्हणायचा, "हे खाऊन राह्यली." संपलं. त्याच्या लेखी जखमेच्या दोनच जाती. एक भरणारी, एक खाणारी.

मला त्याची किळस यायची. खोटं कशाला बोलू? त्याच्या हातचं पाणीसुद्धा मी टाळायचो, अन वरून सांगायचो की हे जातीमुळे नाही, जंतूंमुळे. त्याच्या घरचे छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. बापानं मेलेली ढोरं ओढणं त्या दिवशी सोडलं ते सोडलंच. मी सुधारलेला माणूस होतो, म्हणून मला जंतूंचं कारण लागायचं. न सुधारलेल्यांना तेवढाही त्रास नव्हता.

मी म्हणजे बबनराव, लॅब टेक्निशियन. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट सांगतो आहे. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, नुसता तालुका होता, अन आमचा दवाखाना जऊळक्याच्या स्टेशनापासून एस.टी.नं तासभर आत, एका आडगावात. माझ्याजवळ एक सूक्ष्मदर्शक, चार रंगाच्या बाटल्या अन काचेत जडवलेलं नागपूरचं सर्टिफिकेट. काम काय, तर मलेरियासाठी रक्ताच्या काचा पाहायच्या, थुंकी पाहायची, लघवी पाहायची. पण चाल अशी, की सगळं वैद्यकशास्त्र माझ्याच टेबलावर मांडलेलं आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मला पाहूनच म्हटलं असेल.

ऐकायला कोणी नसलं, की मी इंद्रभानला ऐकवायचो. एका दुपारी असंच जिलेटिनचं सांगितलं. नागपुरात आम्ही जिलेटिनच्या नळ्या भरायचो. हाडं अन कातडं उकळून निघालेला तो चिकट रस. थंड झाला की थिजतो. प्रथिनच ते, मांसाचंच भावंड. त्यात जंतू सोडायचा. रोग करणारे बरेच जंतू त्याचं दोन दिवसांत पाणी करतात. जंतूला ना तोंड, ना दात. तो अंगातून एक रस बाहेर सोडतो, एन्झाइम म्हणतात त्याला. त्या रसानं मांस बाहेरच विरघळतं अन हा नुसतं शोषून घेतो.

"पण नळीत साखर पडली की सगळी परीक्षा बिघडते," मी म्हणालो. "तोच जंतू मग जिलेटिनला हात लावत नाही. आमचे सर बोंबलायचे, नळीत साखर जाऊ देऊ नका म्हणून."

इंद्रभान कात्र्या पुसत होता. हात थांबला. "म्हंजे साहेब, साखर भेटली तं तो मांस सोडून देते?"

"नळीत, इंद्रभान. नळीत."

"अन साखर सरली का?"

"सरली की करतो पुन्हा रस सुरू. जंतू झाला म्हणून मूर्ख थोडाच आहे? फुकटचं खायला असताना कशाला कारखाना चालवेल तो?"

"माणसावानीच हाय म्हना," इंद्रभान म्हणाला अन पुन्हा कात्र्या पुसू लागला. मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. सरांनी जी चूक करू नका म्हणून सांगितलं, तेवढीच या बेट्यानं ध्यानात धरली.

त्या जानेवारीत भागिरथा आली. बैलगाडीत घालून आणली होती. कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये उजवा हात गेलेला, त्याला आठ दिवस झालेले. आठ दिवस घरी काय केलं, तर शेण लावलं, हळद लावली, कोणीतरी तंबाखूची राखही भरली. दोन बोटं जागेवरच गेली होती. उरलेला पंजा सुजून कोहळ्यासारखा, मधे हिरवट पू, अन वास असा की गाडीचा बैलही मान फिरवून उभा. सोबत सासू गोजराबाई अन नवरा रामधन. रामधन गाडीतून उतरलाच नाही. बिडी ओढत बसला.

डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. तीन दिवस दिलं. जंतूनं त्याला भीक घातली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर दारातूनच बोलले. आत येऊन बोलायला त्यांना नाकाला रुमाल लावावा लागायचा, अन मग बोलता येत नसे. "हात मनगटाच्या वरून काढावा लागेल. अकोल्याला न्या."

भागिरथा रडली नाही. तिनं सासूकडे पाहिलं. गोजराबाईनं तिथल्या तिथं, सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं. "हात गेला तं आमी इले घेऊन काय करू? म्हशीची धार कोन काढन? भाकरी कोन थापन? पोराले दुसरी पाहा लागन मले." अन रामधन, ते मातीचं ढेकूळ, खाली मान घालून नुसता उभा. नाही म्हणाला नाही. माणूस मिठाला जागतो म्हणतात. हा बायकोच्या हातच्या भाकरीलाही जागला नाही.

म्हणजे पाहा, प्रकरण हाताचंच नव्हतं. हात राहिला तर घर राहणार होतं.

इंद्रभान पुढं झाला. "डाक्टरसाहेब, चार-पाच दिवस द्या मले."

डॉक्टर हसले. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून फुस्स. "तू काय करणार? हुंगणार?" पण जीप कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेलेली, आठवडाभर येणार नव्हती. गाडी नसली की आमच्या डॉक्टरांना दया सुचायची. "घे. तसाही अकोल्याला नेणार कशानं?"

आता या पठ्ठ्यानं काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी घरून डबा आणला. त्याच्या बायकोनं, सुंदरबाईनं बकऱ्याचे पाय शिजवले होते. पायाचा रस्सा थंडीत थिजतो, ठाऊक आहे ना? वाटी उलटी केली तरी पडत नाही. इंद्रभाननं तो रस्सा फडक्यातून गाळला, पेनिसिलिनच्या तीन रिकाम्या बाटल्यांत भरला अन सुया उकळायच्या भांड्यात बाटल्या खळखळून उकळल्या. एका बाटलीत आधीच साखर मिसळली होती. थंड झाल्यावर दोन बाटल्यांत भागिरथेच्या जखमेचा पू सुईच्या टोकानं टोचला. तिसरीत काहीच नाही. बुचं लावली, चिकटपट्टीवर खुणा केल्या अन रांजणाखालच्या ओल्या वाळूत तिन्ही पुरून ठेवल्या.

दवाखान्यात नुसता हलकल्लोळ. नर्स चतुराबाई म्हणाली, "बाप्पा बाप्पा, याले याड लागलं." डॉक्टरांनी सांगितलं, रस्सा उरला असेल तर भाकरीबरोबर वाढ. गोजराबाई तर उठून ओसरीच्या टोकाला जाऊन बसली. सुनेच्या हातात किडे पडले तरी चालतील, पण तिच्या उशापाशी यांच्या घरचा मटणाचा रस्सा नको! मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, कारण त्यातलं कळण्याइतकं शिक्षण फक्त माझंच होतं.

दोन दिवसांनी सकाळी त्यानं बाटल्या काढल्या अन माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. सर्टिफिकेटच्या बरोब्बर समोर. एकेक आडवी केली. नुसत्या पुवाची बाटली पाण्यासारखी वाहिली. साखरेची थिजलेलीच. ज्यात काही टोचलं नव्हतं, तीही थिजलेली.

"ही तिसरी कशाला ठेवली?" मीच विचारलं. मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे का ते पाहायचं होतं.

"थंडी कमी झाली अन रस्सा आपल्या आपन पातळ झाला असता, तं मले कसं समजलं असतं?"

नागपुरात हे शिकवायला आमच्या सरांनी अख्खा महिना घेतला होता. मी त्याला काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "टेबल पुसून घे."

साखर मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. राशनच्या कार्डावर मिळायची, तीही दुकानात आली तर. इंद्रभाननं आपल्या घरची सगळी साखर एका पत्र्याच्या डब्यात आणली अन ड्रेसिंगच्या कपाटात ठेवली. त्याच्या घरी तो महिना गुळाचा चहा झाला. रोज तीनदा तो जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचा अन साखर भरायचा. चांगली दाबून, खोबणीखाबणीतून. वरून पट्टी. चार-पाच तासांत साखरेचं पाणी व्हायचं. की पुन्हा धुणं, पुन्हा भरणं.

"पानी झालं का सरलं त्याचं खानं," तो भागिरथेला समजावायचा. "मंग तो तुह्या मांसाकडे पाह्यते. म्हनून डबल भरा लागते. समजलं का बाई?"

"समजलं भाऊ," ती म्हणायची. "मेल्याले गोड खाऊ घालून राह्यले तुमी."

"तं काय? सोयराच हाय तो. गोड खाऊ घालाचं अन वाटेले लावाचं."

आज मी शिकलेल्या लोकांची पुस्तकं वाचतो तेव्हा कळतं, साखरेचं काम तेवढंच नव्हतं. साखर जखमेतलं पाणी ओढते, जंतू त्यानंही वाळतो. अन सगळेच जंतू साखरेला भुलतात असंही नाही. पण इंद्रभानचं मूळ सूत्र चुकीचं नव्हतं. हे जंतू थोडे असले की गुपचूप राहतात. गर्दी झाली, समोरचं सोपं खाणं संपलं, की सगळे मिळून रस सोडतात अन मांसाला भिडतात. एकटादुकटा असताना प्रत्येक जण सज्जन. कचेऱ्यांतही मी हेच पाहिलं आहे.

साखर सुरू केल्याच्या पाचव्या दिवशी इंद्रभाननं पट्टी हुंगली अन माझ्याकडे पाहून हसला. पहिल्यांदाच. "हे भरून राह्यली साहेब." मी वाकून पाहिलं. हिरवा पू गेला होता. तळहाताच्या खड्ड्यात लाल-गुलाबी दाणेदार मांस, कोवळं. भागिरथेनं अंगठा हलवून दाखवला. मग अंगठा अन त्याच्या जवळचं बोट एकमेकांना टेकवलं. धार काढायला तेवढं पुरतं. गोजराबाई ओसरीच्या टोकावरून उठून पलंगापाशी आली. सून कामाची राहणार म्हटल्यावर तिला रस्स्याचा वासही येईनासा झाला.

डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिन उशिरा लागू पडलं वाटतं." कशात काय अन फाटक्यात पाय!

अन त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून कागद आला. झालं! भिंतींना चुना, झाडांना गेरू, चतुराबाईला इस्त्रीची साडी. साहेब जीपनं येणार, पण लशीची पेटी अन साहेबांच्या घरची संत्र्याची करंडी रेल्वेनं येणार, तर जऊळक्याला माणूस पाठवा. कोणाला? शिपाई डॉक्टरांच्या घरी चुना लावत होता. इंद्रभानला पाठवा.

तो माझ्याकडे आला. हात जोडून नाही, पण जवळजवळ तसाच. "साहेब, तुमालेच समजते हे, म्हनून सांगतो. दुपारी एकदा अन सांजच्याले एकदा साखर भरा. गाडीले उशीर झाला तं उद्या सकायी बी. चुकवू नका. आता साखर बंद झाली तं तो सोडनार नाई. उपाशी हाय तो."

"जा रे," मी म्हणालो. "मला शिकवू नको."

दुपारी मी भरली. मान्य करतो, भरली. नाकाला फडकं बांधून, चिमट्यानं, वरच्यावर. संध्याकाळी साहेब आले. सोबत सहा माणसं. आमच्याकडे साहेबाबरोबर सहा माणसं येतातच, त्यांचं काम काय ते देवालाही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी बोंब मारली, चहा आणा. चतुराबाई धावत आली, "साखर नाई! गावात कोनाकडंच नाई!"

अन मी म्हणालो, "ड्रेसिंगच्या कपाटात आहे."

हे मीच म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही. डब्याची जागा तिला ठाऊक नव्हती, डॉक्टरांना तर नव्हतीच. मला होती. मी उठून डबा आणून दिला. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, "हुशार माणूस आहे तुमचा." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मीही एक कप घेतला. इतका गोड चहा त्या महिन्यात तालुक्यात कोणाच्या नशिबी आला नसेल.

सांजची साखर राहिली. मनात म्हटलं, एका वेळेनं काय होतं? सकाळी साहेबांना परत चहा लागला, डबा रिकामा झाला. भागिरथा म्हणाली, "साहेब, आग होऊन राह्यली आतून." मी कोरडी पट्टी बांधली अन म्हणालो, "इंद्रभान येईल." गाडी आदल्या दिवशी आलीच नव्हती. लशी अन संत्री त्या सकाळी आली. इंद्रभान दुपारी करंडी डोक्यावर घेऊन फाटकातून आत शिरला अन तिथंच थांबला. पट्टी सोडायची गरज नव्हती. त्याला फाटकापासूनच वास आला.

करंडी खाली ठेवून तो आत गेला. पट्टी काढली. एका दिवसात कोवळं मांस विरघळून गेलं होतं. अंगठ्यामागचं हाड दिसत होतं. तो कपाटापाशी गेला, डबा उघडला, उलटा करून पाहिला अन परत जागेवर ठेवला. मग ओसरीत गेला. तिथं कप तसेच पडले होते, विसळायचे राहिलेले, तळाशी साखर साचलेली अन तिच्यावर मुंग्या. तो कपांकडे पाहत उभा राहिला. मी माझ्या टेबलाशी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलो होतो. त्याखाली काच नव्हती.

मला वाटलं, तो बोलेल. बोंबलेल. मारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, साहेबांचा हुकूम म्हणून. त्यानं ते उत्तर वापरायची संधीच दिली नाही. साहेबांच्या जीपमध्ये भागिरथेला घातलं अन अकोल्यापर्यंत स्वतः मागं उभा राहून गेला. हात कोपराखालून काढला.

रामधननं होळीच्या आत दुसरी आणली. गोजराबाईनं शब्द पाळला, एवढं मात्र मानलं पाहिजे. चांगले लोक शब्द विसरतात, असले लोक कधीच विसरत नाहीत.

वर्षभरानं मलेरियाच्या काचा गोळा करत मी इंझोरीला गेलो. भागिरथेचं माहेर तिथंच. ठाऊक असतं तर ती गल्ली मी टाळली असती. ती अंगणात बसून डाव्या हातानं सुपात धान्य पाखडत होती, सूप कोपराच्या थोटावर तोललेलं. मला पाहून उठली, पदर सावरला.

"या ना साहेब, बसा. इंद्रभानभाऊ परवाच येऊन गेला. दर दोन-तीन महिन्याले येते, हात पाह्यते. भाऊबीजेले बी आल्ता."

मी म्हणालो, "काय म्हणतो?"

"काय म्हनन? लय जीवाले लावून घेतलं त्यानं. म्हने, बाई, मीच चुकलो. साखर मी कमी आनली होती." ती हसली. "म्या म्हनलं, भाऊ, तुह्या पोराईच्या तोंडची आनली तू, अजून कुठून आनतो?"

मी बोटाला टोचायची सुई हातात धरून बसलो होतो. सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात ती आत गेली अन चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. एका हातानं डबा उघडायला वेळ लागतो. पोटाशी धरून उघडावा लागतो. बसल्या जागेवरून मला सगळं दिसत होतं.

ती कप घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला अन उभी राहिली.

"आमच्या इकडे साखर मुश्किलीनं भेटते, पन तुमी दवाखान्याचे मानसं. दोन चमचे टाकली. बरोबर झाली ना साहेब?"

मी घोट घेतला. म्हणालो, "बरोबर आहे."

अन सगळा कप प्यायलो.